काचेची दारे, सागवानी पट्ट्या आणि २३ गेजची पिन गन: कपाटाच्या कामाच्या नोंदी

१२ मे २०२४

नागपूरच्या महाल भागातील घरात पुस्तकांच्या कपाटाचा सांगाडा उभा झाला आहे. आता चार काचेची दारे आणि माथ्यावरची मोल्डिंग एवढे काम उरले आहे. लाकूड सगळे सागवान आहे आणि त्यातील बरेचसे लकडगंजातून आणलेले, जुन्या बांधकामातून निघालेले वासे चिरून मिळवलेले आहे. असे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्यामुळे आता फारसे वळत नाही, पण ते कोरडे आणि ठिसूळ झालेले असते, त्यामुळे काठाजवळ खिळा मारला की चीर जाण्याची भीती नव्या लाकडापेक्षा अधिक असते.

दारांची चौकट २२ मिमी जाड आणि ६० मिमी रुंद आहे. मागच्या अंगाने १० मिमी रुंद आणि १४ मिमी खोल खाच काढली आहे. त्या खाचेत ४ मिमीची काच बसेल आणि काचेवर ती धरून ठेवणारी १० मिमी चौरस छेदाची बीडिंग पट्टी येईल. ही पट्टी फेव्हिकॉल लावून चिकटवायची नाही, कारण उद्या काच फुटली तर पट्टी न मोडता निघाली पाहिजे. म्हणजे काचेपासून चार-पाच मिलिमीटरवर, १० मिमीच्या पट्टीतून, आडव्या दिशेने काहीतरी ठोकावे लागणार आहे. या सगळ्या कामातला खरा अवघड प्रश्न हाच आहे आणि पिन गन (बारीक पिना फटक्यासरशी लाकडात मारणारे अवजार) घ्यावी की नाही हा विचार त्यातूनच सुरू झाला.

आमच्याकडे येणारे मिस्त्री हे काम जुन्या रीतीने करतात. पट्टीला आधी बारीक भोक पाडायचे, त्यात चूक (बारीक खिळा) उभी करायची, आणि हातोडीऐवजी पटाशीचे सपाट अंग काचेवर टेकवून, ते काचेवरूनच सरकवत चुकेच्या डोक्यावर हलके मारत जायचे. पटाशी काचेला टेकलेली असल्यामुळे ती उसळून काचेवर पडत नाही. हात बसलेल्या माणसाच्या हातून हे काम पाहण्यासारखे होते आणि काच क्वचितच जाते. मात्र चार दारांच्या सोळा पट्ट्यांना हात-हातभर अंतरावर चुका मारत जायचे, तर आठवडाभर लागेल आणि प्रत्येक चुकेचे डोके पॉलिशखाली डोळ्यांत भरत राहील. मिस्त्रींनीच सुचवले, ‘भाऊ, काचेपाशी हातोडी म्हंजे जिवाला घोर. हवेची पिन गन पाहून घ्या एकदा.’

१९ मे २०२४

गेजचा हिशेब नीट लिहून ठेवतो, कारण दुकानात गेल्यावर सगळ्याच अवजारांना ‘पिन गन’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती भलतेच काही पडू शकते.

गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. १६ गेजचा खिळा साधारण १.६ मिमी जाड असतो आणि तो दाराच्या चौकटी, स्कर्टिंग अशा जड कामाचा. १८ गेजचा ब्रॅड, म्हणजे त्याहून बारीक खिळा, सुमारे १.२ मिमीचा. फर्निचरच्या कारागिरांकडे बहुधा हीच गन असते. त्याला लहानसे डोके असते, त्यामुळे पकड चांगली मिळते, पण भोकही तेवढेच मोठे पडते आणि ते लांबीने (भोके बुजवायच्या पुट्टीने) भरावे लागते. २३ गेजची पिन मात्र जेमतेम ०.६ मिमी जाड असते आणि तिला डोके नसते. पिना एकमेकींना चिकटवलेल्या पट्टीच्या रूपात येतात. गनमधला पोलादी दांडा दर वेळी पट्टीतली एकच पिन तोडून लाकडात ढकलतो आणि लाकडावर सुईने टोचल्याएवढा ठिपका उरतो.

डोके नाही म्हणजे पकड केवळ पिनच्या अंगाच्या घर्षणावर अवलंबून आहे. ओढ सरळ पिनच्या दिशेने आली तर पट्टी पिनवरून सरकून बाहेर येऊ शकते. म्हणून ज्या जोडावर वजन येणार आहे, ज्या फळीवर पुस्तके राहणार आहेत किंवा जो सांधा दार उघडताना ओढला जाणार आहे, तिथे २३ गेजच्या पिनचे काम नाही. कपाटाची मागची ६ मिमी प्लायही मी स्क्रूने बसवणार आहे. पिनचा उपयोग गोंद सुकेपर्यंत पट्टी जागेवर धरण्यासाठी, किंवा जिथे भार जवळजवळ नाहीच आणि वस्तू पुढे काढता यावी अशी अपेक्षा आहे, अशा ठिकाणी आहे. काचेची पट्टी दुसऱ्या प्रकारात मोडते आणि माथ्यावरची मोल्डिंग पहिल्या. दोन्ही कामांना एकच अवजार चालते, पण वापरण्याची रीत वेगळी लागते. पुढच्या नोंदींत हा फरक मला सतत डोळ्यांसमोर ठेवायचा आहे.

या कामासाठी १८ गेजचा ब्रॅड मी नाकारला. १० मिमीच्या कोरड्या सागाच्या पट्टीत १.२ मिमीचा ब्रॅड म्हणजे पट्टीच्या जाडीचा आठवा हिस्सा एकाच बिंदूवर दूर सारणे. टोकाजवळ तसे केले की लाकूड तंतूंच्या दिशेने उकलते.

२३ मे २०२४

इतवारीत आणि लकडगंजात गन पाहिल्या. विकत घेताना ज्या गोष्टी तपासल्या त्या लिहितो.

पहिली गोष्ट, गनमध्ये किती लांबीची पिन चालते. काही गनमध्ये २५ मिमीच्या पुढे पिन जातच नाही. मकिताच्या एएफ३५३ मध्ये ३५ मिमीपर्यंत जाते, ग्रेक्सच्या पी६३५ मध्येही ३५ आणि पी६५० मध्ये ५० मिमीपर्यंत. माझ्या कामाला २५ आणि ३० मिमी पुरेशी आहे, त्यामुळे ३५ पर्यंतची गन घ्यायची ठरवली. आणखी लांब पिनचा मोह धरला नाही, कारण एवढी बारीक तार जितकी लांब तितकी लाकडात वाकण्याची शक्यता जास्त. याचा हिशेब सोपा आहे: तारेचा व्यास निम्मा झाला की वाकण्याला होणारा तिचा विरोध सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि त्याच व्यासाची तार २५ ऐवजी ३५ मिमी घेतली की दाबाखाली न वाकता टिकण्याची तिची ताकद निम्म्यावर येते. म्हणून काम भागेल अशी सर्वांत आखूड पिन घ्यावी.

दुसरी गोष्ट, गनचे नाक. नाक जितके निमुळते तितके कोपऱ्यात पोचते आणि पिन नेमकी कुठे लागणार हे दिसते. काचेच्या कामात हे सगळ्यांत महत्त्वाचे आहे, कारण गन काचेच्या वर आडवी धरायची आहे आणि गनचे पोट काचेला टेकता कामा नये. म्हणून दुकानातल्या टेबलावर एक पट्टी ठेवून, गन हातात घेऊन, ती किती आडवी करता येते हे प्रत्यक्ष पाहिले. दुकानदाराने शांतपणे तेवढा वेळ दिला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

तिसरी गोष्ट, सुरक्षेची कळ. ब्रॅडच्या गनचे नाक लाकडावर दाबल्याशिवाय ती सुटत नाही. २३ गेजच्या पुष्कळ गनमध्ये अशी नाकाची अटकाव-कळ नसते, कारण तिने नाक जाड होते. त्याऐवजी बहुधा दोन ट्रिगर असतात आणि दोन्ही दाबल्यावर पिन सुटते. म्हणजे हवेची नळी जोडलेली असताना ही गन हवेतही पिन सोडू शकते. हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवले आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या पिन गनही मिळतात. त्यांना नळी लागत नाही ही मोठी सोय आहे, पण वजन जास्त आणि पोट मोठे. काचेवर तिरपी धरण्याच्या कामात हलकी हवेची गन मला योग्य वाटली.

२६ मे २०२४

कॉम्प्रेसर आला. एक अश्वशक्तीची मोटर, २४ लिटरची टाकी, तेलाशिवाय चालणारा. पिन गनचे पिस्टन लहान असल्यामुळे तिला हवा फार थोडी लागते आणि एवढा कॉम्प्रेसर तिच्यासाठी पुरून उरतो. स्प्रेने पॉलिश मारायचे असते तर मोठा घ्यावा लागला असता, कारण स्प्रे गन सतत हवा खाते. पिन गनला मात्र क्षणभराचा फटका पुरतो.

जोडणी करताना एक गोष्ट कळली, ती पुढच्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. गनच्या मुठीतली हवेची आटी आणि बाजारात मिळणारा जोडणीचा निपल, दोन्हींवर ‘पाव इंच’ असेच लिहिलेले असते, पण आट्यांची पद्धत वेगळी असू शकते. आपल्याकडे बीएसपी आटी चालते, तर अमेरिकेसाठी बनवलेल्या अवजारांना एनपीटी. पाव इंचाच्या बीएसपीमध्ये इंचाला १९ आटे आणि त्यांचा कोन ५५ अंश, एनपीटीमध्ये १८ आटे आणि कोन ६० अंश. दोन-तीन फेरे ते एकमेकांत जातात, त्यामुळे बसले असे वाटते आणि मग अडकतात. जोर लावून फिरवले तर गनच्या अॅल्युमिनियमच्या आट्या कापल्या जातात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी ही गळती बंद होत नाही. दुकानातच निपल गनला हाताने लावून पाहावा. तीनाहून जास्त फेरे सहज जात असतील, तर तो निपल त्या गनचा आहे.

दुपारी पारा चव्वेचाळीसच्या वर होता. पत्र्याच्या शेडमध्ये मोटर चालवली तर ती फार तापते, म्हणून कॉम्प्रेसर अंगणाच्या सावलीत, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवला आणि काम सकाळी लवकर करायचे ठरवले.

९ जून २०२४

हवेचा दाब ठरवण्यासाठी प्रत्यक्ष पट्ट्यांच्याच तुकड्यांवर चाचणी घेतली. पाइनच्या तुकड्यावर ठरवलेला दाब सागाला लागू पडत नाही, आणि सागातही गाठीजवळचा भाग आणि सरळ तंतूंचा भाग वेगळे वागतात.

गनवर ६० ते १०० पीएसआयची मर्यादा दिली आहे, म्हणजे साधारण ४ ते ७ बार. ६० ला २५ मिमीची पिन सरळ भागात कशीबशी बुडते, गाठीजवळ मिलिमीटरभर वर राहते. ९० ला ती पृष्ठभागाच्या खाली इतकी खोल जाते की पट्टीत तिची पकड कमी होते, कारण डोके नसलेल्या पिनची जेवढी लांबी पट्टीत राहते तेवढ्यावरच ती पट्टी धरू शकते. ७० ते ७५ च्या दरम्यान पिन पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटर आत थांबते. तेच मी कायम केले. रेग्युलेटर नेहमी कमी दाबाकडून वर आणावा. जास्तीकडून खाली आणताना नळीत अडकलेली हवा काही वेळ जुनाच दाब दाखवते.

वर राहिलेल्या पिनवर दुसरा फटका मारायचा नाही, कारण गनमध्ये तेव्हा नवी पिन आलेली असते. ती पहिलीवर आदळते आणि दोन्ही भलतीकडे वळतात. बारीक पंचाने ती पिन आत ढकलावी किंवा पक्कडीने तळाशी कापून टाकावी.

१६ जून २०२४

पिन कुठल्या दिशेने वळते हे शोधण्यात सकाळ गेली आणि मला ती पूर्णपणे सार्थकी लागली असे वाटते.

भिंगातून पाहिले तर पिनचे टोक गोल सुईसारखे नाही. ते पटाशीच्या धारेसारखे दोन उतारांचे आहे. असे टोक लाकडात शिरताना हंगामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाढीच्या मऊ-कडक थरांना तिरके भेटले, की ते मऊ थराच्या बाजूला घसरते. सागात हे ठळक दिसते, कारण त्याच्या वर्तुळांत हंगामाच्या सुरुवातीची छिद्रे मोठी असतात आणि पुढचा भाग घट्ट. एकदा टोक घसरले की मागची बारीक तार त्याच्यामागे वाकत जाते आणि काही वेळा पट्टीच्या अंगातून बाहेर डोकावते.

यावर उपाय असा की गन कशी फिरवून धरली म्हणजे टोकाचे उतार पट्टीच्या लांबीच्या दिशेला येतात, हे तुकड्यावर तपासावे. तशी धरली की पिन वळली तरी पट्टीच्या लांबीत वळते, पट्टी फोडून काचेकडे येत नाही. त्याच पट्टीचे तुकडे मधोमध चिरून आतल्या पिना पाहिल्या, तेव्हा गन धरण्याच्या दोन रीतींमधला फरक उघड दिसला. प्रत्येक गनच्या रचनेत हे वेगळे असू शकते, म्हणून कोणाचे ऐकून न धरता स्वतः चिरून पाहावे.

यातूनच बोटांचा नियमही निघतो. पट्टी धरणारे बोट पिन सुटण्याच्या जागेपासून पिनच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर हवे, आणि ते अंतर सर्व बाजूंना मोजायचे, समोर तर नक्कीच. २५ मिमीच्या पिनसाठी मी चार बोटे अंतर ठेवतो. डोळ्यांवर चष्मा असला तरी वर गॉगल. अडकलेली पिन काढण्याआधी नळी काढून टाकायची, त्यात सवलत नाही.

७ जुलै २०२४

पाऊस स्थिरावला आणि टाकीच्या तळाचा व्हॉल्व उघडला तेव्हा तपकिरी पाणी बरेच निघाले. मे महिन्यात तिथून फक्त थेंब येत होते. कारण साधे आहे आणि ते आकड्यांत पाहिले की पटते.

३० अंशांच्या हवेत एका घनमीटरमध्ये फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या घनमीटरमध्ये २४ ग्रॅम पाणी असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबून आठव्या हिश्श्यात बसवतो, पण पाणी तेवढेच राहते. टाकी पुन्हा बाहेरच्या तापमानाला आली की त्या लहान जागेत चारेक ग्रॅमच वाफ मावते आणि उरलेले वीस ग्रॅम पाणी होऊन तळाशी बसते. मेमध्ये ४४ अंशांना हवेत आर्द्रता १५ टक्के असली तर घनमीटरमध्ये साधारण ९ ग्रॅम पाणी असते आणि दाबल्यावर त्यातले जवळजवळ सगळे वाफ म्हणूनच मावते. नागपूरच्या मे आणि जुलैच्या हवेतला हा फरक अंगाला जाणवतो तसाच तो गनलाही जाणवतो: हे पाणी नळीतून गनमध्ये गेले की पिस्टनवरचे तेल धुऊन नेते आणि दांड्याला गंज चढवते.

म्हणून पावसाळ्यात रोज काम संपल्यावर टाकी रिकामी करून व्हॉल्व उघडा ठेवतो, आणि रेग्युलेटरजवळ पाणी अडवणारा लहान फिल्टर बसवला आहे.

२१ जुलै २०२४

दारांना काच बसवली. हेच या कामाचे केंद्र असल्यामुळे सविस्तर लिहितो.

काच खाचेपेक्षा प्रत्येक बाजूने दीड मिलिमीटर लहान कापून घेतली, म्हणजे ती चौकटीत मोकळी बसते आणि चौकट किंचित पिळली तरी काचेवर ताण येत नाही. पट्ट्यांचे कोपरे ४५ अंशांत कापले. आधी चारही पट्ट्या कोरड्या बसवून पाहिल्या. लांब पट्टी केसभर जास्त ठेवली की ती किंचित वाकवून आत दाबता येते आणि कोपरे घट्ट मिटतात.

पिन पट्टीतून आडवी जाऊन चौकटीच्या खाचेच्या भिंतीत शिरायला हवी. गन काचेला अगदी समांतर धरता येत नाही, कारण तिचे पोट मध्ये येते. म्हणून ती साधारण २० अंश तिरपी धरावी लागते. पिन पट्टीत काचेपासून ७ मिमी उंचीवर शिरली, तर १० मिमीची पट्टी ओलांडेपर्यंत ती साडेतीन मिलिमीटर खाली येते, म्हणजे खाचेच्या भिंतीत शिरताना ती काचेच्या पातळीपेक्षा साडेतीन मिलिमीटर वर असते. २५ मिमीच्या पिनपैकी साडेदहा मिलिमीटर पट्टीत जाते आणि उरलेली चौदा-साडेचौदा चौकटीत. तिचे टोक अखेर काचेच्या पातळीला येते, पण तोपर्यंत ते चौकटीच्या लाकडात काचेच्या कडेपासून दूर गेलेले असते आणि चौकटीच्या दर्शनी बाजूपर्यंत त्याच्यापुढे दहा मिलिमीटर लाकूड शिल्लक असते. हे चित्र कागदावर खऱ्या मापात काढल्यावरच मी पहिली पिन मारली. ४५ अंशांनी मारली असती तर पिन थेट काचेच्या कडेवर आली असती.

गनच्या पोटाखाली काचेवर हार्डबोर्डचा पातळ तुकडा सरकवत नेला. पट्टीवर पेन्सिलने ७ मिमीची रेघ आणि पिनांच्या जागा आखल्या. कोपऱ्यापासून ३० मिमी आत पहिली पिन आणि पुढे १५० मिमी अंतराने. इथे गोंद नसल्यामुळे एक पिन किंचित डावीकडे आणि पुढची किंचित उजवीकडे कलती मारली. दोन कलत्या पिना मिळून पट्टीला पकडतात, कारण कुठल्याही एका दिशेने ओढले तरी एक तरी पिन आडवी येते. वरून बोटाने दाबले, दार हलवून पाहिले. पट्टी हलत नाही.

मिस्त्रींनी पाहिले, नख फिरवून भोके शोधली आणि त्यांना पट्टी काढून पाहायची होती. एका पट्टीच्या मधोमध पातळ पटाशी घालून हळूच उचलली, तर डोके नसल्यामुळे पट्टी पिनांवरून सरकून अखंड निघाली आणि पिना चौकटीतच राहिल्या. त्या पक्कडीने काढून, भोकांच्या शेजारी नव्या पिना मारून पट्टी परत बसवली. चुकेने हे होत नाही, चुकेचे डोके पट्टी फाडून घेते. मिस्त्री म्हणाले, ‘हे बेस झालं. पुढच्या काचेवाल्याचं काम सोपं केलं तुम्ही.’

४ ऑगस्ट २०२४

माथ्याची मोल्डिंग. समोरची पट्टी कपाटाच्या फळीच्या लांबीत धावते, त्यामुळे तिला पूर्ण लांबी फेव्हिकॉल लावून २०० मिमी अंतराने ३० मिमीच्या पिना मारल्या. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असते आणि जुना पृष्ठभाग गोंद नीट घेत नाही, म्हणून चिकटवण्याआधी लगेच पॉलिशपेपर मारून थिनरच्या फडक्याने पुसून घेतले. पिना फक्त पट्टी सरकू न देण्यासाठी आहेत. मोल्डिंगचा आकार गोलाईचा असल्यामुळे तिथे क्लॅम्प बसतच नाही, आणि पिन गनचे खरे मोल अशा जागी कळते.

बाजूच्या पट्टीचा विचार वेगळा करावा लागला. कपाटाची बाजू ३०० मिमी खोल अखंड सागाची आहे आणि तिचे तंतू उभे आहेत. पट्टी मात्र आडवी, म्हणजे बाजूच्या फुगण्याच्या दिशेत बसते. सागाची रुंदी ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्क्यांनी घटते. या हिशेबाने ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडला तर ३०० मिमीच्या फळीत साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास फरक पडू शकतो. चीर त्रिज्येच्या दिशेची असेल तर निम्म्याहून कमी. पट्टी स्वतःच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही. सबंध पट्टी चिकटवली तर दोघांपैकी एकाला फाटावे लागेल, आणि मेमधल्या कोरड्या हवेत बाजूच्या फळीला उभी चीर जाईल.

म्हणून बाजूच्या पट्टीला समोरच्या कोपऱ्याकडून फक्त ६० मिमीपर्यंत गोंद लावला, म्हणजे ४५ अंशांचा कोपरा कायम मिटलेला राहील, आणि मागचा सगळा भाग गोंदाविना, केवळ पिनांवर धरला. ०.६ मिमीची तार एवढी लवचीक असते की फळी मागे-पुढे झाली तरी ती वाकून सोबत जाते आणि पट्टी सोडत नाही. जाड खिळा इथे अडून बसला असता. पिनचा बारीकपणा हाच तिचा दोष मानला जातो, पण या जागी तो मला सर्वांत उपयोगाचा वाटला. दहा मिलिमीटरच्या काचेच्या पट्टीत मात्र हेच फुगणे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे येते, तिथे त्याची काळजी नाही.

३१ ऑगस्ट २०२४

तान्हा पोळा जवळ आला आहे. शेजारच्या मुलाच्या लाकडी बैलाचा कान तुटला होता, तो घेऊन त्याची आई आली. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात चालत आलेल्या या सणाला बैल नीट उभा असलाच पाहिजे. कानाचा तुकडा नखाएवढा आणि गोलाईचा, त्यामुळे क्लॅम्पला जागाच नाही. फेव्हिकॉलचा थेंब लावून १२ मिमीच्या दोन पिना एकमेकींकडे कलत्या मारल्या. दाब ६० वर आणला होता, कारण लाकूड मऊ आहे आणि कान पातळ. ठिपक्यांवर रंगाचा हात फिरवला. लहान मुलाच्या खेळण्यात पिनचे टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आले नाही ना, हे बोटाने सगळीकडे चाचपून पाहिले आणि मगच बैल परत दिला.

१५ सप्टेंबर २०२४

पॉलिशची तयारी. २३ गेजची भोके भरण्याची घाई करायची नसते. आधी चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्यावा आणि मग पाहावे. सागाच्या उघड्या छिद्रांमध्ये बहुतेक ठिपके हरवून जातात. जे गडद दिसतात त्यांत त्याच सागाचा बारीक भुसा आणि पातळ गोंद यांचा लगदा नखाने भरला. आधीच लांबी फासली असती तर ठिपक्यापेक्षा लांबीचा डागच मोठा दिसला असता.

अवजाराची निगाही नोंदवून ठेवतो. गनच्या हवेच्या तोंडातून रोज काम सुरू करताना वायवीय अवजारांसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब. गंज सोडवण्याचे स्प्रे वापरू नयेत, कारण त्यांतली द्रावणे आतल्या रबरी कड्या फुगवतात. जी गन तेलाशिवाय चालते असे तिच्या पुस्तिकेत लिहिले आहे, तिच्यात तेल घालू नये. पिनांच्या पट्ट्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या, कारण गंजलेली पिन पट्टीतून नीट तुटत नाही आणि गनच्या नाकात अडकते. उरलेली ३० मिमीची पाकिटे वेगळ्या डब्यात, लांबी बाहेर लिहून ठेवली आहेत. २५ च्या जागी ३० भरली गेली तर काचेच्या कामातला सगळा हिशेब बदलतो.

दारांना बिजागऱ्या बसवायच्या आहेत. त्यांना पितळी स्क्रू लागतील, आणि त्यासाठी आधी भोके पाडून लोखंडी स्क्रूने आट्या तयार करून घ्याव्या लागतील, कारण जुन्या सागात पितळी स्क्रूची मान तुटते.